सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाही: जुन्या एमपीएफआय पेट्रोल गाडीची थंड इंजिनवर क्रमवार तपासणी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १२ ते १४ अंशांवर येतो. याच दिवसांत जुनी मारुती ८००, ऑल्टो, झेन, वॅगन-आर किंवा सॅन्ट्रो पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही, आणि घरोघरी एकच निदान होतं: "थंडी आहे, चालायचंच." हे निदान चूक आहे. १२ अंश ही इंजेक्शनच्या गाडीसाठी थंडी नव्हेच. ठणठणीत एमपीएफआय इंजिन (दर सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर असलेलं) या तापमानाला अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता दीड-दोन सेकंदांत उठलं पाहिजे. उठत नसेल तर कुठेतरी बिघाड आहे. थंडी तो फक्त उघडा पाडते.

दुसरी चूक वेळेची. हा दोष सकाळच्या पहिल्या किल्लीलाच दिसतो. कशीबशी चालू केलेली गाडी बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजपर्यंत नेली की इंजिन गरम होतं आणि दोष लपतो. मेस्त्री गाडी एका सेल्फमध्ये चालू करून दाखवतो, तुम्ही म्हणता सकाळी होत नाही, आणि मग अंदाजाने आधी प्लग, नंतर बॅटरी, शेवटी पंप बदलला जातो. तपासणीची खरी संधी दिवसातून एकदाच मिळते. म्हणून तयारी रात्रीच करायची आणि सकाळची पहिली किल्ली पुरावा म्हणून वापरायची.

## पायरी १: आदल्या रात्रीची तयारी

लागणारं सामान: डिजिटल मल्टिमीटर, तुमच्या गाडीच्या मापाचा प्लग पाना (१६ किंवा २१ मिमी), फीलर गेज (प्लगचं अंतर मोजायच्या पात्या), टॉर्च, पाण्याची फवारणीची बाटली, १० आणि १२ चे पाने, वायरचा ब्रश, वही. फ्युएल प्रेशर गेज ओळखीच्या गॅरेजमधून दोन दिवसांसाठी मिळालं तर फार उत्तम.

गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर रात्री शेवटचे पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि स्विच पेट्रोलवरच ठेवून गाडी बंद करा. नाहीतर सकाळी तुम्ही पेट्रोलची यंत्रणा तपासताय की गॅसची, हेच कळणार नाही. टाकीत किमान पाव टाकी पेट्रोल हवं. गाडी सपाट जागी, रोज जिथे लावता तिथेच लावा. इंजिन किमान आठ तास थंड झालं पाहिजे.

वहीत आधीच हे रकाने आखून ठेवा: तापमान, बॅटरीचा व्होल्ट, सेल्फ फिरताना व्होल्ट, पंपाचा आवाज, किती सेकंदांनी उठली, उठल्यावर काय झालं, धुराचा रंग, वास.

सावध: पेट्रोलची लाइन सोडायचं काम बंद शेडमध्ये करू नका. विडी-सिगारेट, देवाची समई, गॅस गीझर यांपैकी काहीही जवळपास नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

## पायरी २: सकाळची पहिली किल्ली

घाई करू नका. क्रम असा ठेवा.

किल्ली लावण्याआधी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आकडा असेल तर आज पुढची तपासणी करू नका. आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा रात्रभर ठेवा.

मग किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. दोन गोष्टी पाहायच्या. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे; तो लागलाच नाही तर एकतर बल्ब गेला आहे किंवा ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) करंट येत नाही, म्हणजे फ्यूज आणि मेन रिले बघा. दुसरं, मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू आली पाहिजे. रस्त्यावर गाड्या धावायच्या आधी ती स्पष्ट ऐकू येते, पहाटेचा हा एक फायदा. किल्लीत चिप असलेल्या गाडीत इमोबिलायझरचा (किल्ली न ओळखल्यास गाडी अडवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी किल्ली वापरून पाहा.

आता अॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि जास्तीत जास्त पाच सेकंद सेल्फ मारा. दुसऱ्या माणसाला त्या वेळी मल्टिमीटरवर नजर ठेवायला सांगा. जे झालं ते वहीत लिहा आणि थांबा.

इथे बहुतेकांचा हात आणि पाय आवरत नाही. कार्बोरेटरच्या काळातली सवय असते, अॅक्सिलरेटर चार वेळा दाबून मग सेल्फ. इंजेक्शनच्या गाडीत पेडल दाबल्याने आधी पेट्रोल सुटत नाही. उलट सेल्फ फिरत असताना पेडल दाबलं तर हवेचं प्रमाण बिघडतं आणि खरं लक्षण झाकलं जातं.

जे दिसलं त्यावरून वाट ठरते. सेल्फच मंद असेल तर पायरी ३. सेल्फ जोरात पण इंजिन उठत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या किल्लीला उठतं, तर पायरी ४. उठताना पेट्रोलचा वास आणि काळा धूर, किंवा थंड असताना अजिबात जोर नाही, तर ५ आणि ६. पावसाळी हवेत त्रास वाढतो, तर ७. चटकन उठते आणि लगेच बंद पडते, तर ८.

## पायरी ३: सेल्फ मंद असेल तर

सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्ट ९.६ च्या खाली जायला नको. गेला आणि बॅटरी भरलेली होती, तर बॅटरी संपली आहे किंवा सेल्फ मोटर जास्त करंट ओढते आहे. व्होल्ट १०.५ च्या वर टिकूनही सेल्फ ऊं-ऊं करत असेल तर करंट वाटेत अडतो आहे, आणि बॅटरी बदलून काही उपयोग नाही. नवी बॅटरी घालूनही त्रास तसाच, अशा तक्रारीत बहुतेक वेळा हीच गफलत असते.

वाट तपासायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लँपवर नव्हे, आतल्या शिशाच्या खांबावर) आणि दुसरी इंजिनच्या खरवडलेल्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत असंच मोजा; ०.५ पर्यंत चालेल.

अर्थची वायर बाहेरून धडधाकट दिसते, फसू नका. गिअरबॉक्सवरचा तिचा बोल्ट काढून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) उलटा करून बघा. खाली हिरवट-पांढरी पूड, त्याखाली गंजाचा तांबडा पापुद्रा, आणि वायर लगमध्ये शिरते तिथे दोन-चार तारा तुटून उभ्या राहिलेल्या. करंट त्या उरलेल्या तारांतून जायचा. लग आणि बैठक वायर ब्रशने पितळेसारखी चमकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा. तारा तुटलेल्या असतील तर वायरच बदला.

रात्रीत बॅटरी उतरते असं वाटलं तर निगेटिव्ह वायर काढून ती आणि खांब यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी मालिकेत जोडा, सगळं बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट म्हणजे काहीतरी चालू राहतंय. बाहेरून बसवलेला स्टीरिओ आणि सेंट्रल लॉक आधी तपासा.

सावध: मीटर असा मालिकेत जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मीटर जळेल.

खात्री: गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नाहीतर दोष अल्टरनेटरचा.

## पायरी ४: तीनदा किल्ली, पेट्रोलचं प्रेशर

जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत सकाळच्या त्रासाचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे, आणि ओळखायला एक पैसाही लागत नाही.

पुढच्या सकाळी किल्ली ऑन करा, पंपाची घरघर थांबेपर्यंत थांबा, ऑफ करा. पाच सेकंद थांबून पुन्हा. असं तीनदा. चौथ्या वेळी सेल्फ मारा. आदल्या दिवशी पाच-सहा सेल्फ घेणारी गाडी आता लगेच उठली, तर रात्रीत लाइनमधलं प्रेशर गळून जातं आहे हे पक्कं. पंप दर वेळी दोन-तीन सेकंदच चालतो, तेवढ्यात रिकामी लाइन भरत नाही.

गळती कुठे, हे न बघता पंप बदलू नका. जागा तीन आहेत: पंपातला उलट प्रवाह रोखणारा वॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर (लाइनमधलं प्रेशर ठरावीक ठेवणारा) आणि ठिबकणारा इंजेक्टर (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा). गेज लावून किल्ली ऑन केल्यावर बहुतेक एमपीएफआय गाड्यांत ३ बारच्या आसपास प्रेशर येतं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. किल्ली ऑफ केल्यावर ते काही मिनिटं तरी २ बारच्या वर टिकलं पाहिजे.

पडत असेल तर हे करा. प्रेशर भरून किल्ली ऑफ करताच पंपाकडून येणारा रबरी पाइप मऊ क्लँपने आवळा. प्रेशर टिकलं तर दोष पंपाच्या वॉल्व्हचा. पुन्हा भरून या वेळी टाकीकडे परत जाणारा पाइप आवळा. टिकलं तर रेग्युलेटर. दोन्ही आवळूनही पडलं तर इंजेक्टर. परतीचा पाइप नसलेल्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच पंपासोबत असतो, तिथे पहिलीच परीक्षा करता येते.

रेग्युलेटरची आणखी एक खूण: त्याच्या डोक्यावरची बारीक व्हॅक्यूमची नळी काढून वास घ्या. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर पडदा फाटला आहे. दुसरी परीक्षा नको.

सावध: कडक प्लास्टिकचा पाइप आवळू नका, तडकतो. गेज जोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर पेट्रोलची चिळकांडी गरम इंजिनवर उडते.

## पायरी ५: ओले प्लग, पेट्रोलचा वास

सकाळी सेल्फ मारून उठली नाही की दहा मिनिटांत प्लग काढून बघा. ओले आणि पेट्रोलच्या वासाचे असतील तर पेट्रोल येतंय, जळत नाहीये. कोरडे असतील तर पेट्रोल येतच नाही, पुन्हा पायरी ४. सगळ्यांपैकी एकच ओला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर ठिबकतोय किंवा तिथला स्पार्क गेलाय. सगळे काजळीने काळे कुळकुळीत, तर पायरी ६.

फ्लड झालेली (सिलिंडरमध्ये जास्तीचं पेट्रोल साचलेली) गाडी उठवायला अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत या स्थितीत ईसीयू पेट्रोल तोडतो आणि हवेने सिलिंडर मोकळे होतात. इंजिनने पकडलं की पाय सोडा.

प्लगचं अंतर मॉडेलप्रमाणे ठेवा. कुठे ०.७-०.८ मिमी, कुठे १.०-१.१. वर्षानुवर्षं झिजून अंतर वाढलेलं असतं, आणि थंड, ओल्या मिश्रणात तेवढी उडी स्पार्कला झेपत नाही. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग हाताने शेवटपर्यंत बसवा, पाना फक्त शेवटच्या घट्टपणासाठी, आणि इंजिन थंड असतानाच.

सावध: उठत नाही म्हणून शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा पुन्हा धक्का मारू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जातं आणि नंतर तिथे पेटतं.

## पायरी ६: कूलंटचा सेन्सर, ज्याच्याकडे कुणी बघत नाही

इंजिन किती थंड आहे हे ईसीयूला फक्त हा सेन्सर सांगतो. त्यावरूनच सकाळी किती जास्त पेट्रोल सोडायचं ते ठरतं. सेन्सरने चुकीचं सांगितलं तर बाकी सगळं नवं असूनही गाडी उठणार नाही.

आधी योग्य सेन्सर शोधा. अनेक जुन्या गाड्यांत दोन असतात. एका तारेचा मीटरच्या काट्यासाठी, दोन तारांचा ईसीयूसाठी. एका तारेचा बदलून "सेन्सर बदलला, फरक नाही" असं म्हणणारे बरेच आहेत.

सकाळी थंड इंजिनवर सॉकेट काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओम मोजा. अनेक गाड्यांत २० अंशांना साधारण २ ते ३ किलो-ओम आणि ८० अंशांना ३०० ओमच्या आसपास येतात. म्हणजे १३ अंशांच्या सकाळी ३ किलो-ओमच्या आगेमागे हवेत. त्या वेळी ५०० ओम दिसले तर सेन्सर ईसीयूला सांगतोय की इंजिन साठ अंशांच्या वर तापलंय. ईसीयू पेट्रोल आखडतो आणि गाडी कोरडी फिरत राहते. उलट सॉकेटच्या पिना गंजल्या तर ओम वाढतात, इंजिन आहे त्याहून थंड भासतं, पेट्रोल जास्त सुटतं आणि प्लग काळे होतात.

शंका राहिली तर सेन्सर काढून पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, थर्मामीटर सोबत ठेवा आणि पाणी तापवत मोजत जा. आकडा हळूहळू, न अडखळता उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर बदला.

याच जागी आपल्याकडची एक खोड सांगायलाच हवी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून टाकण्याची. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांना उघडणारा असतो. तो नसला की थंडीत, विशेषतः संकेश्वर-निपाणीच्या मोकळ्या हायवेवर, इंजिन पुरतं तापतच नाही. ईसीयू दिवसभर थंड इंजिनचं जास्त पेट्रोल सोडत राहतो, काजळी साचते आणि सकाळी त्याच काजळलेल्या प्लगांवर गाडी उठवायची असते. तापण्याचं कारण रेडिएटर किंवा फॅनमध्ये शोधा, थर्मोस्टॅट परत बसवा. कूलंट कमी असेल तर सेन्सर हवेत लटकतो, तीही पातळी बघा.

## पायरी ७: ओल्या हवेतला स्पार्क

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की जुन्या एचटी वायरीचा (प्लगला स्पार्क पोचवणाऱ्या हाय-टेन्शन वायरीचा) प्रत्येक तडा बोलतो. पूर्ण अंधारात, इंजिन चालू असताना, बॉनेट उघडून वायरींवर आणि कॉइलवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या किंवा इंजिन अडखळलं तर वायर सेट बदला. हात लांब ठेवा. मग इंजिन बंद करून सगळ्या वायरींचे ओम मोजा. लांबीच्या मानाने एकीचे बाकींपेक्षा खूपच जास्त असतील तर ती गेली.

स्पार्क बघायचा असेल तर प्लगची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवून, पंपाचा फ्यूज काढूनच. वायर हवेत मोकळी धरून ठिणगी बघितली तर कॉइल किंवा ईसीयू जाऊ शकतो.

## पायरी ८: उठते, पण लगेच बंद पडते

थंड इंजिन उठल्यावर आरपीएम १२०० ते १५०० पर्यंत जाऊन तापताना ८००-९०० वर यायला हवेत. तसं न होता बंद पडत असेल आणि पेडल थोडं दाबून धरलं की टिकत असेल, तर आयडल एअर वॉल्व्ह (पेडल सोडलेलं असताना इंजिनला हवा देणारा) किंवा थ्रॉटल बॉडी (पेडलने हवेची वाट उघडणारा भाग) कार्बनने अडली आहे. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने फुलपाखराच्या (थ्रॉटलमधल्या गोल झडपेच्या) कडा पुसा, वॉल्व्ह काढून त्याची सुई साफ करा. सुई हाताने दाबू किंवा ओढू नका. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडल वाढवणं हा इलाज नव्हे. त्याने ईसीयूचा हिशेबच चुकतो.

सोबत इनटेकच्या बारीक रबरी नळ्या वाकवून बघा. टोकाला तडे असतात, सरळ ठेवल्यावर दिसत नाहीत.

## पायरी ९: पेट्रोल आणि गॅस किट

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत सेल्फ जरा लांबू शकतो. पण निव्वळ त्यामुळे धडधाकट गाडी अडत नाही. खरा त्रास उभ्या गाडीत होतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात, नेमके पंपाच्या तोंडाशी. काचेच्या बरणीत लाइनमधलं पेट्रोल घेऊन पंधरा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. जुने रबरी पाइप मऊ किंवा चिकट लागले तर इथेनॉलला टिकणारे पाइप घाला.

गॅसवर चालणाऱ्या गाडीत दोन लिटर पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं आणि पंप जवळजवळ कोरडा फिरतो. अशा गाडीचा पंप लवकर जातो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून एकदा वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

## पायरी १०: काही सापडलं नाही तर

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. सगळे प्लग काढून, पंपाचा फ्यूज आणि कॉइलचं सॉकेट काढून, पेडल तळाला दाबून. सिलिंडरांमध्ये १ बारपेक्षा जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह. सेल्फ फिरताना टॅकोमीटरचा काटा जराही हलत नसेल आणि स्पार्कही नसेल, तर दोष क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरचा).

मेस्त्रीकडे गाडी द्यायचीच असेल तर रात्रीच नेऊन ठेवा, वही सोबत द्या आणि सकाळची पहिली किल्ली आपण दोघांनी मिळून मारायची असं ठरवा. दुरुस्तीनंतर गॅरेजमध्ये गाडी एका सेल्फला उठली म्हणून पैसे चुकते करू नका. सलग तीन सकाळी, पेडलला पाय न लावता, दोन सेकंदांत उठली आणि पाच मिनिटं न अडखळता आयडलवर राहिली, तर दुरुस्ती झाली असं वहीत लिहा.